उलटी फिरवलेली रेस

कासू स्टेशनला उतरायचं, रूळ ओलांडायचे आणि खाडीकडे तोंड करून दहा मिनिटं चालायचं. मग रस्ता पाण्यात जातो. ओहोटीला त्याचं डांबर दिसतं, काळं, शेवाळलेलं. भरतीला तेही नाही. दोन्ही बाजूंना तिवरं माजलीत. सरकारी कागदावर याला आता कांदळवन म्हणतात आणि याला हात लावायचा नाही असा बोर्ड लावलाय. इथे भात पिकायचं तेव्हा बोर्ड लावायला कोणी आलं नाही. खांड गेली, म्हणजे बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं, तेव्हाही कोणी आलं नाही. आमच्या शेतात तिवरं माणसाएवढी झाली तेव्हा मात्र जीप भरून आले.

काल मी तिथे गेले होते. बांधांसाठी भांडणाऱ्या आमच्या समितीच्या नव्या पत्रकासाठी फोटो हवे होते. फोटो पाच मिनिटांत झाले. मग निघायचं सोडून मी तशीच उभी राहिले. समोर चिखलात निवट्या, ते चिखलातले बोटभर मासे, उड्या मारत होत्या, एक बगळा त्यांच्यावर डोळा ठेवून होता, आणि बाकी कोणी नव्हतं. याच जागेवर एका रविवारी आठ-दहा हजार माणसं उभी होती, असं मी आता कोणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील. मोटोक्रॉसची रेस झाली होती इथे. खरीखुरी. पुण्याचे, नाशिकचे, कोल्हापूरचे, पार केरळातले रायडर आले होते, ज्यांचं पोट त्या गाडीवर चालतं असे. मी ती पाहिली. आणि तिच्याबद्दल मी आजवर एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. रेसच्या आधी लिहिलं होतं. नंतर नाही.

रेसच्या आधीचं सांगायचं तर बांधाचं सांगावं लागेल.

आमचं बालपण बांधावर गेलं, हे बोलायची पद्धत म्हणून नाही सांगत. खाडी आणि भात यांच्या मधे फक्त माती होती, आणि ती माती माझे बाबा घालायचे. एकटे नाही, सगळं गाव घालायचं, घरटी एक माणूस. पण उतार धरायला बाबाच लागायचे. थंडी सरत आली की कामाला सुरुवात. ओहोटी लागली की माणसं खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या चिखलात, उतरायची, चिखलाच्या ढेपा कापून हातोहात द्यायची, मधे पेंढ्याचा थर, वर पुन्हा चिखल. खाडीच्या अंगाला लांब, निजलेला उतार, म्हणजे लाट त्याच्यावर चढते, दमते आणि परत जाते. शेताच्या अंगाला उभी भिंत. बाबा डोळा मिटून हात फिरवायचे आणि सांगायचे, "हितं पोट आलंय, काप." कापलं की खरंच पोट असायचं.

त्या चिखलाचा वास मी अजून नाकात घेऊन फिरते. गोड नाही, घाणही नाही. मीठ, कुजलेलं गवत, खेकडा आणि लोखंड, असं काहीतरी. आईच्या लुगड्याला तो कायमचा होता. रिठ्यानेही जायचा नाही.

आणि बांध पुरा झाला की तो चालायचा. आमच्याकडे असंच म्हणतात, बांध चालायचा. ज्याने उतार धरला त्याच्या घरातल्या कोणीतरी, त्याने स्वतः नाही, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी, सकाळी अनवाणी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. गाव बाजूला उभं. नारळ नंतर. कोणी चाललं नाही तर तो बांध कोरा. कोऱ्या बांधाच्या भरवशावर आवण, म्हणजे भाताची रोपं, कोणी लावत नसे. मी मोठी झाल्यावर मला कळलं की यात अर्थ आहे: पायाखाली कुठे माती दबते ते चालणाऱ्याला कळतं, आणि घरचं माणूस खोटं सांगत नाही. पण लहानपणी अर्थाशी देणंघेणं नव्हतं. पुढे आई चालायची, मागे दादा, शेवटी मी. आईच्या जोडव्यांची बारीक खूण चिखलात उमटायची आणि मी त्या खुणेवर माझा अंगठा बरोबर बसवत जायची. वारा खाडीवरून यायचा. बाबा त्या टोकाला उभे असायचे, हात मागे बांधून, जसं काही त्यांचा या सगळ्याशी संबंध नाही.

मग हे बंद झालं. कसं ते मी पत्रकांतून पुष्कळ लिहिलंय, इथे नाही लिहिणार. माणसं कंपनीत गेली, शिफ्ट धरू लागली. आई गेली. दादा रोह्याला कंपनीत लागला. एका उधाणाला मोठी खांड गेली आणि ती बुजवायला गावातून चार माणसं उभी राहिली, त्यातले दोघे साठीच्या पुढचे. आम्ही पेणला तहसीलवर मोर्चा नेला. साहेब म्हणाले, मातीची तरतूद नाही. शब्द लक्षात ठेवा, मातीची! त्या वर्षी पावसाळ्यानंतर शेतात भाताच्या जागी पांढरं मीठ दिसलं. बाबा रोज सकाळी जायचे आणि बघून यायचे. काय बघायचे ते मी विचारलं नाही. मी तेव्हा वीस वर्षांची होते, समितीची पत्रकं मीच लिहायची, आणि मला वाटायचं की मला सगळं माहीत आहे.

आणि मग डंपर आले.

जी माती खांड बुजवायला मिळत नव्हती ती रांगेने आली. स्टेशनच्या अंगाला जी थोडी सुकी, उंचवट्याची पडीक जागा उरली होती ती रेसच्या आयोजकांनी भाड्याने घेतली होती. टोपीवाला एक माणूस हातात नकाशा घेऊन फिरायचा. त्याला उड्या हव्या होत्या, मातीचे उंचवटे, ज्याच्यावरून गाड्या हवेत जातील. जेसीबीने ढीग घातले, ते दुसऱ्या दिवशी ओघळले. भुसभुशीत माती. मग कोणीतरी त्याला सांगितलं, इथे एक म्हातारा आहे, त्याने घातलेली माती हलत नाही.

बाबा गेले. विचारलंसुद्धा नाही मला. पहाटे उठून, पंचा डोक्याला गुंडाळून, गावातले ते उरलेले दोघे म्हातारे घेऊन गेले. रेतीचा डंपर परत पाठवला, खाजणातला चिखल आणायला लावला, पेंढा मागवला. आठ दिवस घरी आले ते फक्त जेवायला. जेवताना गुणगुणत होते. मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. मी पत्रक लिहिलं. मथळा होता, "खांड बुजवायला माती नाही, उड्या मारायला डंपर!" मथळा चांगला होता, आजही म्हणेन. पण खाली शेवटी मी लिहिलं होतं: "आणि या तमाशासाठी बांधबंदिस्तीचे जुने, जाणते हात राबतात, याची लाज त्या हातांना वाटू नये?" नाव घातलं नव्हतं. नाव घालायची गरज नव्हती. आमच्या या खाऱ्या पट्ट्यात, खारेपाटात, असे हात उरले होते किती!

पत्रक पेणला छापलं, पिवळ्या कागदावर. शुक्रवारी गावात वाटलं. बाबांनी वाचलं. त्यांना वाचायला वेळ लागायचा, ओठ हलवत वाचायचे. ओटीवर बसून त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. मी आत चुलीशी होते. मला वाटलं आता आत येतील, बोलतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. ते आलेच नाहीत.

शनिवारी रायडर सरावाला आले आणि गोंधळ झाला. सगळ्यात मोठी उडी, बाबांची, तिच्यापुढे येऊन पहिल्याच रायडरने कचकन ब्रेक मारला. समोर भिंत! नकाशात ज्या बाजूने गाड्या चढायच्या होत्या त्या बाजूला बाबांनी उभी कड घातली होती आणि पलीकडे, खाडीच्या अंगाला, लांब उतार. टोपीवाला धावत आला. हे मला नंतर हिराबायने सांगितलं, आमच्या शेजारची म्हातारी, ती तिथे पोह्याचे पापड विकायला बसली होती. तिने नक्कल करूनच सांगितलं.

"काका, हे उलटं केलंत तुम्ही! चढ इकडे पाहिजे!"

"खाडी तिकडं हाय," बाबा म्हणाले.

"अहो, खाडीचा काय संबंध? इथे पाणी कुठे येणार आहे?"

"पानी काय इचारून येतं?"

टोपीवाल्याने डोक्याला हात लावला. नकाशा पुढे केला. बाबांनी नकाशा नीट पाहिला म्हणे, परत दिला आणि म्हणाले, "चित्र बरोबर हाय तुमचं. पण तसा बांध घालाया हात वळत नाय." तोडून परत घालायला वेळ नव्हता. जेसीबी लावला तर दातच लागेनात त्या मातीला. शेवटी त्यांनी दिशेचे सगळे बाण उपटले आणि उलटे ठोकले. सुरुवातीची जागा हलवली, दोऱ्या हलवल्या, मांडव हलवला. अख्खी रेस उलटी फिरवली, एका म्हाताऱ्याच्या उतारासाठी!

हिराबाय हसता हसता खोकायला लागली. "रेस फिरवली गो तुज्या बाने!"

त्या संध्याकाळी बाबा पहिल्यांदा माझ्याशी बोलले. हात धुता धुता, माझ्याकडे न बघता.

"बांध चालायचा राहिलाय. दादाची फर्स्ट शिफ्ट हाय, त्याला नाय जमायचं. सकाळी येशील काय? गाड्या सुरू व्हायच्या आधी. लांब नाय, पन्नास पावलं."

मी म्हटलं, "बाबा, त्या मातीवर मी पाय ठेवणार नाही."

हे वाक्य मी बोलले. जसं पत्रकात लिहिते तसंच बोलले. आणखी काही तरी बोलणार होते, त्यांनी वेळच दिला नाही. "बरं," म्हणाले आणि पंचाने हात पुसत राहिले. हात केव्हाच कोरडे झाले होते.

रविवारी सकाळी मी जागी होते. बाबा उठले, अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. दाराशी थोडे थांबले. मी डोळे मिटून पडून राहिले. मग पायरीचा आवाज आला आणि त्यांच्या चपलांचा आवाज दूर गेला.

दहा वाजता मी पण गेले. पत्रकं वाटायला. आम्ही समितीचे पाच जण दोरीच्या पलीकडच्या अंगाला उभे राहिलो, बाबांच्या उडीच्या बरोबर समोर. बाबा उडीच्या पायथ्याशी एका खुर्चीवर बसले होते. त्यांना खुर्ची दिली होती. शेजारी आणखी एक खुर्ची रिकामी होती, आणि कोणी ती उचलायला आलं की ते तिच्यावर हात ठेवायचे.

आता रेसबद्दल.

मी तिचा द्वेष करायला गेले होते. मला ते जमलं नाही. एका रांगेत पंधरा-वीस गाड्या, मागच्या चाकाखाली धूळ, आणि पुढे एक लोखंडी आडवी पट्टी. ती पट्टी पडते. पडते तेव्हा आवाज येतो तो कानांना नाही, बरगड्यांना येतो. माझ्या हातातले कागद थरथरले, आणि ते मी थरथरवत नव्हते. मग वास. जळालेल्या तेलाचा, पेट्रोलचा, तापलेल्या रबराचा, आणि त्याच्याखाली, चाकांनी उकरलेला, आमच्या खाजणाचा तो वास. मीठ, गवत, खेकडा, लोखंड. इतक्या वर्षांनी. पहिलं वळण घेऊन ते आले तेव्हा मागच्या चाकांतून चिखल उडाला आणि आमच्या अंगावर पडला, पत्रकांवर पडला, आणि माझ्या शेजारचा आमचा समितीचा खजिनदार, जन्मात न हसलेला माणूस, मोठ्याने हसला.

आणि मग ते बाबांच्या बांधावर चढले.

निजलेल्या उतारावरून गाडी चढते तेव्हा क्षणभर तिचा आवाज बदलतो, जसा कोणी श्वास ओढावा. मग आवाजच जातो. गाडी हवेत असते, रायडर तिच्यावर उभा, गुडघे वाकवलेले, मागे खाडी आणि खाडीवर ऊन. किती वेळ? मोजता येणार नाही इतका. मग ती पलीकडे उतरते आणि सगळे आवाज एकदम परत येतात. एकामागून एक, पंधरा-वीस. फेरी संपली, परत आले, परत गेले. रायडर हवेत असताना चष्म्यावरची पातळ पारदर्शक पट्टी ओढून फेकायचे, चिखल बसला की एक थर काढायचा, खाली दुसरा स्वच्छ. त्या पट्ट्या वाऱ्यावर तरंगत आमच्याकडे यायच्या. लोक त्या झेलत होते.

बाकीच्या उड्या दुपारपर्यंत खचल्या. मधे मधे रेस थांबवून जेसीबी फिरवत होते. बाबांच्या उडीची कड तशीच, सुरीने कापल्यासारखी. मी ओरडत होते. घसा बसेपर्यंत ओरडत होते, आणि काय ओरडत होते ते मला माहीत नाही, घोषणा नक्की नव्हत्या. एकदा गाडी उतरल्यावर नजर पलीकडे गेली. बाबा गाड्यांकडे बघतच नव्हते. ते मातीकडे बघत होते. प्रत्येक गाडी गेली की थोडे वाकून, मान तिरकी करून, बघायचे. मला दोरी ओलांडून जाता आलं असतं. दोन फेऱ्यांच्या मधे वेळ असायचा. चाळीस पावलं. माझ्या काखेत पत्रकांचा गठ्ठा होता, आणि समितीचे लोक बाजूला होते, आणि मी गेले नाही.

शेवटी बक्षिसं. जिंकला तो बारीक, काळासावळा, शिरस्त्राण काढल्यावर एकदम साधा मुलगा. माईकवाल्याने त्याला विचारलं, कसं वाटलं. तो हिंदीत म्हणाला, बाकी सगळं ठीक, पण तो मोठा जंप, तसा आजवर कुठे पाहिला नाही. दगडासारखा. कोणी बनवला?

माईकवाला खूश झाला. "कुठे आहेत काका? काका, या, या!" बाबांना वर नेलं. हजारो माणसं. धुतलेल्या सदऱ्यावर चिखलाचे थेंब. माईक तोंडापुढे धरला तर ते मागे सरकले.

"काका, सांगा, एवढी पक्की माती कशी काय?"

बाबा म्हणाले, "चाललेला बांध हाय तो."

"म्हणजे?"

"आमच्यात बांध पुरा झाला का घरचं मानूस चालतं त्याच्यावर. मगच तो पक्का."

"अरे वा! मग यावर कोण चाललं?"

त्या मैदानात आमच्या गावचे निदान शंभर लोक होते. बांध चालायचा म्हणजे काय हे त्या सगळ्यांना माहीत होतं. घरातलं कोणी आलं नाही असं म्हाताऱ्याने सांगायचं म्हणजे काय, हेही.

"माजी पोर," बाबा म्हणाले. "सकाळीच चालली."

टाळ्या पडल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी कुठे उभी आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं, दिवसभर समोर होते, तरी पाहिलं नाही. आमच्या गावच्या माना मात्र वळल्या. हिराबाय पापडाची टोपली घेऊन माझ्याजवळच होती. तिने माझ्या पायांकडे पाहिलं. कॅनव्हासचे बूट, घट्ट नाड्या बांधलेले. मग काखेतल्या पिवळ्या कागदांकडे.

"कवा चाललीस गो?" ती हळूच म्हणाली. "आमाला नाय बोलावलंस?"

मी पत्रकांचा गठ्ठा दुसऱ्या काखेत घेतला.

त्या दिवसानंतर आमच्यात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं. बाबा म्हणाले, "भात वाढ," मी वाढला. त्या पत्रकाबद्दल ते बोलले नाहीत, मी त्या सकाळबद्दल बोलले नाही. मंगळवारी जागा मोकळी करायला दोन जेसीबी आले. बाबांचा बांध पाडायला त्यांना दुपार लागली. बाबा बघायला गेले नाहीत. घरात बसून आवाज ऐकत होते. पुढच्या उधाणाला पाणी त्या सुक्या जागेवरही आलं. न विचारता.

मग दादाने त्यांना रोह्याजवळ वरशाला नेलं, आपल्या घरी, तिसऱ्या मजल्यावर. मी शनिवारी जायची, कासूवरून गाडी पकडून, नागोठणे, निडी, रोहा. निडीच्या आसपास मी दर वेळी ठरवायची की माईकवर तसं का सांगितलं ते आज विचारायचं. गेल्यावर बाबा म्हणायचे, "आलीस? पानी कुठवर आलंय?" मी सांगायची. मग ते गॅलरीतल्या कुंड्यांतली माती दाबत बसायचे. गेल्या वर्षी ते गेले. त्यांचा सदरा आवरताना दादाला खिशात काहीच सापडलं नाही, मीही शोधायला लावलं नाही.

काल फोटो काढून परत निघाले तर रुळांपाशी हिराबाय. आता कमरेत वाकलीय, काठी घेऊन चालते, चिंबोऱ्या धरायला खाजणात मात्र अजून उतरते. मला ओळखायला तिला वेळ लागला.

"काय गो, अजून कागद वाटतेस?"

"वाटते."

"वाट, वाट." ती पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. मीही राहिले. भरती चढत होती, रस्त्याचं डांबर एकेक हात करून आत जात होतं.

"तुज्या बाने शेवटला बांध हितंच घातला," ती म्हणाली. "रेसचा. तू चाललीस ना त्येच्यावर?"

मी पत्रकात कधी खोटं छापलेलं नाही. विरोधकसुद्धा हे मानतात.

"व्हय," मी म्हटलं.

"ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत?"

"व्हय."

हिराबायने माझ्याकडे पाहिलं नाही. काठी चिखलात रोवून ती तशीच उभी.

"कशी होती गो माती?"

"गार होती," मी म्हटलं.